गिऱ्हाईक बनलेला खबऱ्या

अमली पदार्थांच्या गुन्ह्यातली फिर्याद बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होते: ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली.’ हा बातमीदार कोण, हे उघड करण्याची सक्ती अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याच्या कलम ६८ नुसार पोलिसांवर नाही. ते योग्यच आहे. टोळीची खबर देणाऱ्याचे नाव चव्हाट्यावर आले, तर उद्या कुणी पोलिसांकडे फिरकणार नाही.

पण खबऱ्याच बनावट गिऱ्हाईक बनून माल घ्यायला गेला, तर तो नुसता खबऱ्या उरत नाही. तो घटनेचा साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराला लपवून विक्रीचा गुन्हा शाबीत करणे न्यायाला धरून नाही.

शिकागोत १९५४ साली नेमके हेच घडले. ‘जॉन डो’ या नावाने वावरणाऱ्या खबऱ्याच्या कॅडिलॅक गाडीच्या डिकीत एक पोलीस अधिकारी दडून बसला होता. गाडीत बसलेल्या रोव्हियारो या आरोपीने वाटेत उतरून झाडाच्या बुंध्याशी पडलेले पुडके उचलून गाडीत ठेवले, असे पोलिसांचे म्हणणे. पुडक्यात हेरॉइन निघाले. डिकीतल्या अधिकाऱ्याने बोलणे ऐकले, पाठलागावरच्यांनी लांबून पाहिले. गाडीत प्रत्यक्ष बसलेले मात्र दोघेच होते. पुडक्यात काय आहे हे आरोपीला ठाऊक होते का, खबऱ्यानेच त्याला भरीस घातले का, हे सांगू शकणारा एकमेव माणूस सरकारने दडवला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये तो दोषसिद्धीचा निकाल फिरवला. टेक्सास राज्याने तर २००१ मध्ये कायदाच केला: पोलीस नसलेल्या गुप्त खबऱ्याच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा आधार नसेल, तर अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा नाही. त्याच वर्षी त्या राज्यातल्या डॅलसमध्ये पैसे घेणाऱ्या खबऱ्यांनी निरपराध स्थलांतरितांना अडकवले होते. ‘कोकेन’ म्हणून जप्त केलेला माल प्रयोगशाळेत जिप्समची भुकटी निघाला.

आपल्याकडे धोका अधिक आहे. व्यापारी प्रमाणातल्या मालासाठी किमान १० वर्षे सक्तमजुरी आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ३७ मुळे अशा गुन्ह्यात जामीन दुर्मीळ, आणि ताबा सिद्ध झाला की कलम ३५ व ५४ आरोपीविरुद्धच गृहीतक धरतात. शिक्षा जितकी कठोर तितकी दक्षता अधिक, असे सर्वोच्च न्यायालयाने बलदेवसिंग खटल्यात १९९९ मध्येच बजावले. तरीही सापळ्यात तेच ते पंच आणि एका साच्यातला पंचनामा, ही बचाव पक्षाची जुनी तक्रार कायम आहे. विश्वासार्ह असेल तर नुसत्या पोलिसांच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते. म्हणूनच तिची उलटतपासणी कसून व्हायला हवी.

१ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले, हे स्वागतार्ह. पण कॅमेरा खिशातून निघणारी पुडी दाखवतो. ती खिशात कुणी, कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून आली, हे दाखवत नाही.

खबऱ्याच्या जिवाची काळजी खरी आहे, आणि त्यावर उपायही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मंजूर केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत ओळख गुप्त ठेवण्याची, बंद दालनात साक्ष घेण्याची सोय आहे. गिऱ्हाईक बनलेल्या खबऱ्याला तिचे संरक्षण द्यावे आणि पिंजऱ्यात उभे करावे. ते जमत नसेल, आणि व्यवहाराचा दुसरा भक्कम पुरावाही नसेल, तर सरकारी पक्षाने विक्रीचा आरोप ठेवू नये.