नव्या लॅपटॉपवर विंडोज ७ : अडचण कोणती आणि अडवणूक कोणती

नव्या लॅपटॉपवर जुनी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, बसवू पाहणाऱ्या माणसाला हटवादी ठरवून मोकळे होण्याची रीत संगणकाच्या बाजारात रूढ झाली आहे. वस्तुतः ही मागणी पुष्कळदा आवडीनिवडीतून नव्हे, तर कामाच्या गरजेतून येते. प्रयोगशाळेतले मोजमापाचे उपकरण, कारखान्यातले कापणीचे यंत्र किंवा छापखान्यातला पानजुळणीचा प्रोग्राम ज्या प्रणालीसाठी लिहिला गेला, तिच्यावरच तो नीट चालतो. आणि तिला इतकी वर्षे सांभाळणारा संगणक बंद पडला, की दुकानात मिळतो तो नवाच लॅपटॉप. अशा वेळी ‘यावर जुने विंडोज चालत नाही’ हे उत्तर ग्राहकाच्या हाती ठेवले जाते. या उत्तरात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात : एक खरी तांत्रिक अडचण आणि दुसरी उत्पादकाने ठरवून केलेली अडवणूक. त्या निवडून वेगळ्या केल्याशिवाय या प्रश्नाचा न्याय्य विचार होऊ शकत नाही.

तांत्रिक अडचणीचे मूळ ड्रायव्हरमध्ये आहे. ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणाली आणि एखादा सुटा भाग यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा छोटा प्रोग्राम होय. प्रणाली ज्या वर्षी बाजारात येते, त्या वर्षापर्यंतच्या यंत्रभागांचे दुभाषे तिच्या पोटात असतात. त्यानंतर जन्मलेल्या भागांचे असणे शक्यच नसते. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीला साटा डिस्कची एएचसीआय ही पद्धत ठाऊक नव्हती, त्यामुळे पुढच्या काळातल्या लॅपटॉपवर तिचा सेटअप सुरू होऊन थोड्याच वेळात, शेवटी ७बी हा आकडा मिरवणाऱ्या निळ्या पडद्यावर येऊन थांबत असे. यावरचा अधिकृत उपाय म्हणजे सेटअपच्या आरंभी, पडद्याच्या तळाशी काही क्षण दिसणारी सूचना पाहून एफ-६ ची कळ दाबणे आणि योग्य ड्रायव्हर फ्लॉपीवरून देणे. तोवर लॅपटॉपमधून फ्लॉपीचा खणच नाहीसा झाला होता. म्हणून जाणकार लोक बायोसमध्ये जाऊन डिस्कला जुन्या आयडीई पद्धतीने वागायला लावत, किंवा एनलाइटसारख्या साधनाने ड्रायव्हर मूळ सीडीतच मिसळून नवी सीडी तयार करत.

विंडोज ७ ची कथा अधिक शिकवणारी आहे. ही प्रणाली ऑक्टोबर २००९ मध्ये आली, तेव्हा यूएसबी ३.० नुकतेच येऊ घातले होते. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातून आला तो २०१२ च्या विंडोज ८ पासून. मधली काही वर्षे चिपसेटमध्ये जुना आणि नवा असे दोन्ही यूएसबी नियंत्रक शेजारी शेजारी असल्यामुळे कोणाला काही जाणवले नाही. २०१५ मध्ये इंटेलच्या सहाव्या पिढीच्या, म्हणजे स्कायलेक प्रोसेसरांबरोबर आलेल्या चिपसेटमधून जुना नियंत्रक वगळला गेला आणि एक चमत्कारिक प्रसंग घरोघर घडू लागला. पेनड्राइव्हवरून विंडोज ७ चा सेटअप व्यवस्थित सुरू होतो, भाषा निवडण्याची खिडकी उघडते, पण माउसचा बाण जागचा हलत नाही. लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड बहुधा जुन्या पीएस-२ पद्धतीने जोडलेला असल्यामुळे तेवढा चालतो, आणि त्याच्या आधारे पुढे जावे, तर सीडी किंवा डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नसल्याचा संदेश येतो. ज्या लॅपटॉपला असा ड्राइव्हच नाही त्याच्या मालकाने या वाक्याचा काय अर्थ घ्यावा? खरे कारण असे, की आरंभीचा टप्पा लॅपटॉपच्या फर्मवेअरने, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायम राहणाऱ्या मूळ प्रोग्रामने, पेनड्राइव्ह वाचून पार पाडलेला असतो. विंडोजचा गाभा कामाची सूत्रे हाती घेतो त्या क्षणी त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, तो नसतो, आणि ज्या पेनड्राइव्हवरून तो स्वतः स्मृतीत आला तोच त्याला दिसेनासा होतो. चुकीच्या दिशेला बोट दाखवणारा हा संदेश वाचून पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा नव्याने तयार करणे व्यर्थ आहे.

उपाय आहे, मात्र तो संयमाचा आहे. विंडोजच्या सेटअपमध्ये बूट आणि इन्स्टॉल अशा नावांच्या दोन मोठ्या विम फाइली असतात; विम ही अनेक फाइली एका गाठोड्यात ठेवण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत. पहिल्या फाइलीत सेटअप चालवणारी छोटी प्रणाली असते आणि दुसरीत डिस्कवर उतरणारी पूर्ण प्रणाली. यूएसबी ३.० चा ड्रायव्हर या दोन्हींमध्ये डिसम या साधनाने घालावा लागतो. केवळ पहिलीत घातला तर सेटअप सुखरूप पार पडतो, परंतु पहिल्याच रीस्टार्टनंतर यूएसबीची सगळी दारे पुन्हा बंद होतात, आणि माणूस अर्ध्यावर अडकतो. लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई प्रकारची वेगवान डिस्क असेल, तर तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टने नंतर काढलेल्या दुरुस्त्याही त्याच वेळी मिसळाव्या लागतात. स्कायलेकच्या काळात इंटेलने स्वतःच विंडोज ७ च्या पेनड्राइव्हमध्ये यूएसबीचे ड्रायव्हर भरून देणारे साधन उपलब्ध केले होते, यावरून ही गरज खरी असल्याचे उत्पादकालाही मान्य होते हे उघड आहे.

त्याहून अलीकडच्या लॅपटॉपवर मात्र भिंत अधिक उंच आहे. विंडोज ७ पडद्यावर पहिले चित्र उमटवण्यासाठी जुन्या बायोसच्या सेवेवर अवलंबून असते. यूईएफआय या नव्या फर्मवेअरमध्ये ती सेवा सीएसएम नावाच्या सुसंगतीच्या सोयीतून मिळत असे. ही सोय २०२० पर्यंत काढून टाकण्याचा मनोदय इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केला. ज्या यंत्रात ती नाही, तिथे विंडोज ७ आरंभीच्या पडद्यापुढे सरकत नाही. ही अडचण खरी आहे आणि तिच्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही.

दोष द्यावा असे जे घडले ते दुसरीकडे. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचे मायक्रोसॉफ्टचे वचन होते. तरीही जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केले, की यापुढच्या नव्या प्रोसेसरांना केवळ विंडोज १० चाच आधार मिळेल. आणि २०१७ च्या पूर्वार्धात इंटेलच्या सातव्या पिढीच्या किंवा एएमडीच्या रायझेन प्रोसेसरवर चालणाऱ्या विंडोज ७ ला ‘असमर्थित हार्डवेअर’ असा संदेश दाखवून विंडोज अपडेट बंद करण्यात आले. हे प्रोसेसर विंडोज ७ च्या सर्व आज्ञा पाळू शकत होते. प्रणाली त्यांच्यावर चालतही होती. प्रोसेसरची पिढी तपासून दार लावणारी एक चाचणी तेवढी मध्ये घातली गेली होती, आणि एका स्वतंत्र प्रोग्रामरने ती चाचणी टाळण्याची युक्ती खुली करताच त्याच यंत्रांवर त्याच दुरुस्त्या पुन्हा बसू लागल्या. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातले संगणक कुलूपबंद करून वेळेवर न बसलेल्या दुरुस्तीची किंमत दाखवून दिली, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे गांभीर्य कळते. नव्या प्रोसेसरमधली ऊर्जाबचतीची तंत्रे जुन्या प्रणालीला कळत नाहीत आणि प्रत्येक नव्या जोडीची परीक्षा घेणे खर्चाचे असते, हा कंपनीच्या बाजूचा युक्तिवाद वजनदार आहे. परंतु त्यातून फार तर ‘आम्ही हमी देत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार निष्पन्न होतो, चालत्या यंत्राला संरक्षण नाकारण्याचा नव्हे. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या प्रणालीच्या बाबतीत दिलेली मुदत पाळली गेली पाहिजे, हे प्रस्तुत स्तंभाचे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक जवळची बाजू आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीची कित्येक मराठी पुस्तके, दिवाळी अंक आणि नियतकालिके पेजमेकरमध्ये, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकची आयएसएम वापरून जुळवली गेली. पेजमेकरची शेवटची, ७.० ही आवृत्ती २००१ ची आहे. तिला युनिकोड कळत नाही, आणि त्या फाइलींतली अक्षरे विशिष्ट फॉन्टच्या सांकेतिक क्रमांकांत साठवलेली असल्यामुळे फॉन्टविना उघडल्यास त्यांचा अर्थहीन चिन्हांचा ढीग होतो. त्यातच पुष्कळ डीटीपी केंद्रांतली सॉफ्टवेअरे हार्डवेअर लॉकवर, म्हणजे संगणकाच्या पोर्टला खोचलेल्या छोट्या ठोकळ्यावर चालतात. जुने लॉक ज्या पॅरलल पोर्टला लागते ते आजच्या लॅपटॉपला नसते, बाजारातले यूएसबी रूपांतरक बहुधा प्रिंटरपुरतेच उपयोगी पडतात, आणि लॉकचा जुना ३२-बिट ड्रायव्हर विंडोज ११ मध्ये बसत नाही, कारण ती प्रणाली फक्त ६४-बिट स्वरूपातच मिळते.

यंत्रालाच जुनी प्रणाली शिकवण्याऐवजी नव्या प्रणालीच्या आत व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी यंत्र चालवून त्यात विंडोज एक्सपी किंवा ७ बसवणे हा आज अनेकांसाठी अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्राम जुन्या प्रणालीपुढे तिच्या ओळखीची डिस्क आणि ओळखीचा पडदा मांडतो, त्यामुळे वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी उद्भवतच नाहीत. प्रत्यक्ष यंत्रावर असो वा आभासी, दुरुस्त्या थांबलेल्या प्रणालीला इंटरनेटची जोडणी देऊ नये, आणि फाइलींची ने-आण तपासलेल्या मार्गानेच करावी, एवढे पथ्य आवश्यक आहे.

मात्र जुनी प्रणाली चालवण्यासाठी लागणारी सामग्री कायम हाताशी राहील असे गृहीत धरता येत नाही; २०१९ मध्ये इंटेलने आपल्या जुन्या मदरबोर्डांचे बायोस आणि ड्रायव्हर संकेतस्थळावरून हटवण्यास प्रारंभ केला होता. म्हणून ज्या प्रकाशकांकडे, मुद्रकांकडे आणि संस्थांकडे असा जुना संगणक आजही सुरू होतो, त्यांनी तो सुरू आहे तोवरच त्याच्या डिस्कची संपूर्ण प्रतिमा दोन ठिकाणी जपून ठेवावी, ड्रायव्हर आणि फॉन्ट यांच्या प्रती काढाव्यात, पेजमेकरमधल्या फाइलींची पीडीएफ आणि युनिकोड रूपे तयार करून घ्यावीत, आणि हे काम पुरे होईपर्यंत पॅरलल पोर्ट असलेले यंत्र भंगारात देऊ नये.