वृद्ध गिनीपिगांची शुश्रूषा

आमच्या नांदेडच्या घरांत नातवंडांच्या हट्टानें गिनीपिगाच्या दोन माद्या आल्या, त्यास पांच वर्षें होऊन गेलीं. हा प्राणी गिनी देशचाही नव्हे व डुकराच्या कुळांतलाही नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांतला हा कुरतडणारा जीव. त्याचें आयुष्य सामान्यतः ५ ते ८ वर्षांचें. म्हणजे पांचवें वर्ष लागलें कीं वार्धक्य आलें असें समजावें.

गतवर्षीं एकीनें प्रथम सुकें गवत टाकलें. मग तिची हनुवटी लाळेनें ओली दिसूं लागली. ‘तिचें वय झालें,’ असें सर्व म्हणाले. मीही तेंच म्हणालों. पंधरा दिवसांनीं एका पशुवैद्यांनीं तोंड उघडून पाहिलें, तों मागच्या दाढा वाढून जिभेवर कमानीसारख्या आल्या होत्या. ह्या प्राण्याचे दांत जन्मभर वाढतात व गवत चघळूनच झिजतात. भूक असून बिचारीस चावतां येत नव्हतें. उपचारापूर्वींच ती गेली. वयानें नव्हे, उपासानें!

हा भित्रा जीव आपलें दुखणें लपवितो. म्हणून दर रविवारीं तराजूवर त्याचें वजन करून वहींत टिपावें. तें घटूं लागलें कीं सावध व्हावें. मनुष्याप्रमाणेंच ‘क’ जीवनसत्त्व त्याच्या शरीरांत तयार होत नाहीं. तें न मिळाल्यास सांधे दुखतात व हिरड्यांतून रक्त येतें. यास्तव ढोबळी मिरची, कोथिंबीर व क्वचित् पेरूची फोड द्यावी. लसूणघास मात्र रोज घालूं नये. त्यांतील कॅल्शियमानें मुतखड्यास साहाय्य होतें. लघवीच्या वेळीं प्राणी कण्हूं लागला, किंवा लघवींत रक्त दिसलें, तर विलंब करूं नये. वयस्क मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस गळून पोट फुगल्यास बीजकोशांत गांठी असण्याचा संभव असतो. जाळीच्या किंवा ओल्या जमिनीवर तळपायांस क्षतें पडतात. कोरडें गवत अंथरावें.

नांदेड-लातूरकडे उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर जातो. ह्या प्राण्यास २७ अंशांपुढेंच त्रास होतो. त्यास घरांतील सर्वांत थंड खोलींत ठेवावें. आणखी एक इशारा : घरांत उरलेलें माणसांचें औषध त्यास कदापि देऊं नये. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन हीं पोटांत गेल्यास त्याच्या आंतड्यांतील उपकारक जंतू मरून प्राणीही दगावतो. उदगीर व परभणी येथें पशुवैद्यकीय महाविद्यालयें आहेत. जवळ जाणता वैद्य नसल्यास तेथें चौकशी करावी.

परवां आमच्या वहिनींनीं भाकरी नको म्हणून नुसता दूधभात मागितला, तेव्हां ‘वय झालें’ हा शब्द घरांत पुन्हां कानीं आला. मीं नातवास लगेच रिक्षा आणावयास पाठविलें व वहिनींस दंतवैद्यांकडे घेऊन गेलों. दुखरी दाढ निघाली. वहिनी आतां भाकरी खातात. वाचकहो, वय हें रोगाचें नांव नव्हे, एवढें त्या मुक्या जीवानें आम्हांस शिकविलें.