पवनचक्कीपाशी थांबलेले वाचक

आपल्या मंडळांच्या बैठकांतून डॉन क्विक्झोटचे नाव अधूनमधून कानी पडते. एखाद्या गृहस्थाने वाचक उरले नसतानाही मराठी वाचनालयाचे दार रोज संध्याकाळी उघडण्याचा हट्ट धरला, किंवा शाळेतला मराठीचा वर्ग बंद पडू नये म्हणून अर्जविनंत्या चालविल्या, की ‘हे आमचे डॉन क्विक्झोट’ असे हसून म्हटले जाते. पुढे त्याच गृहस्थाला वार्षिक समारंभात शाल-श्रीफळ देताना हाच शब्द गौरवपर होतो. दोन्ही वेळी बोलणाऱ्याच्या मनात असते ती पवनचक्की. सर्व्हान्तिसच्या या ग्रंथाच्या पहिल्या भागात ५२ आणि दुसऱ्या भागात ७४ अशी एकूण १२६ प्रकरणे आहेत. पवनचक्क्यांचा प्रसंग आठव्या प्रकरणातच आटोपतो. उरलेल्या ११८ प्रकरणांचे काय, असा प्रश्न हे नाव उच्चारणाऱ्यांना विचारण्याची वेळ आली आहे.

कथेचा सांगाडा सर्वांना ठाऊक आहे. ला मांचा प्रांतातील एका खेड्यातला पन्नाशीला टेकलेला, बेताच्या मिळकतीचा एक गृहस्थ शूर सरदारांच्या अद्भुत कथा वाचून वाचून भ्रमिष्ट होतो आणि राक्षसांचा व मायावी जादूगारांचा संहार करण्यासाठी मरतुकड्या घोड्यावर स्वार होऊन बाहेर पडतो. सरदाराला प्रेयसी हवीच, म्हणून शेजारच्या तोबोसो गावातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीला तो मनोमन ‘दुल्सिनिया’ हे नाव देतो आणि तिच्या विरहात झुरू लागतो. पहिला भाग १६०५ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी माद्रिद, लिस्बन, वॅलेन्शिया अशा शहरांतून त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. दुसरा भाग यायला १६१५ उजाडले. मधल्या दहा वर्षांत वाचक या भ्रमिष्टाला पोट धरून हसत होते, आणि पुढे काय होणार म्हणून वाटही पाहत होते.

आता एक विद्वत्पक्ष असे प्रतिपादन करतो की, हसणे हेच या ग्रंथाचे खरे वाचन होय. पी. ई. रसेल यांनी १९६९ मध्ये आणि अँथनी क्लोज यांनी १९७८ मध्ये ही बाजू साधार मांडली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सर्व्हान्तिसच्या समकालीनांना हा विनोदी ग्रंथ वाटला. नायकाभोवतीचे कारुण्याचे वलय पुढे जर्मन रोमँटिक मंडळींनी निर्माण केले. या प्रतिपादनात तथ्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. उदास वाचकालाही हे पुस्तक वाचून हसू यावे, अशी अपेक्षा पहिल्या भागाच्या प्रस्तावनेतच व्यक्त झाली आहे, आणि मेंढ्यांच्या कळपावर सैन्य समजून चाल करणारा किंवा द्राक्षमद्याच्या बुधल्यांना राक्षस समजून त्यांवर तलवार चालविणारा मनुष्य पाहून ज्याला हसू येणार नाही, त्याने हे पुस्तक हाती घेऊच नये.

परंतु समकालीन वाचक हसले, एवढ्याने वाद मिटत नाही. ते हसणारे वाचक सर्व्हान्तिसने दहा वर्षे पाहिले आणि दुसऱ्या भागात त्यांना पात्रे म्हणून आणून उभे केले. दुसऱ्या भागातील ड्यूक आणि त्याची पत्नी ही दोघे पहिला भाग वाचलेली, त्यावर लुब्ध झालेली, श्रीमंत आणि सुसंस्कृत माणसे आहेत. आपल्या आवडत्या ग्रंथाचा नायक प्रत्यक्ष भेटल्यावर ती काय करतात? त्याला वाड्यात ठेवून घेतात, सरदाराचा मान देतात आणि त्याच्यासाठी नोकरांकरवी राक्षस व मायावी निर्माण करतात. डोळे बांधून त्याला लाकडी घोड्यावर बसवतात. शेपट्यांना घंटा बांधलेली मांजरे रात्री त्याच्या खोलीत सोडतात आणि त्याचे तोंड ओरबाडून निघते. दुल्सिनियाला शापमुक्त करायचे असेल, तर सेवक सांचो पान्सा याने स्वतःच्या अंगावर ३३०० फटके मारून घ्यावेत, अशी देववाणीही तिथेच घडवली जाते.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पहिल्या भागात भ्रम त्याचा स्वतःचा होता, खाणावळ दिसली की तो तिला किल्ला म्हणे. दुसऱ्या भागात तो खाणावळीला बहुतेक वेळा खाणावळच म्हणतो. आपण खरोखरीच सरदार आहोत अशी त्याची पुरती खात्री प्रथम पटते ती ड्यूकच्या वाड्यात शिरताना, असे ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. ज्याचे वेड ओसरू लागले होते, त्याला वाचकांनी पुन्हा वेडाकडे लोटले, कारण त्यांना आणखी एक प्रकरण हवे होते. ही थट्टा करणारे स्वतःच वेडे ठरायला दोनच बोटे कमी होते, असा शेरा त्यांच्याविषयी पुढे येतो. नाबोकोव्हने हार्वर्ड विद्यापीठात १९५२ मध्ये या ग्रंथावर व्याख्याने दिली, तेव्हा त्यातील क्रौर्यावर कठोर टीका केली. क्रौर्य आहे, हे त्याचे निरीक्षण अचूक होते. मात्र मांजरे सोडणारे हात कोणाचे, तर पुस्तकावर मनापासून प्रेम करणाऱ्या वाचकांचे, हे सर्व्हान्तिसने दाखवून ठेवले आहे.

दुसरा वर्ग सुधारकांचा. सान्सोन कारास्को हा तरुण पदवीधर पुस्तक वाचलेला आहे. वाचकांच्या तक्रारी डॉन क्विक्झोटच्या कानावर घालणाराही तोच. सांचोचे गाढव चोरीला गेले, मग ते पुन्हा कुठून आले? मध्येच भलतीच गोष्ट का घुसडली? त्यांतली एक तक्रार विशेष आहे: नायकाला बसलेल्या माराचे वर्णन थोडे कमी केले असते तर बरे, असे काही वाचकांना वाटले होते. म्हणजे त्या काळीही सगळेच हसत नव्हते! हाच कारास्को सरदाराचे सोंग घेऊन वेड्याला द्वंद्वात हरवायचे आणि घरी धाडायचे असा बेत करतो. पहिल्या झुंजीत तोच हरतो, आणि मग स्वतःच कबूल करतो की, आता आपल्याला त्याला बरे करायचे नाही, सूड घ्यायचा आहे. हिताच्या नावाखाली चालणाऱ्या उपदेशाचे सूडात रूपांतर कसे होते, हे याहून नेमके क्वचितच कोणी सांगितले असेल.

तिसरा वाचक पुस्तकाबाहेरचा. १६१४ मध्ये ‘आव्हेयानेदा’ हे टोपणनाव घेतलेल्या कोणा लेखकाने परस्पर दुसरा भाग लिहून छापला. लेपांतोच्या लढाईत, १५७१ साली, सर्व्हान्तिसचा डावा हात निकामी झाला होता. त्या हाताची आणि त्याच्या वार्धक्याची कुचेष्टा करण्यासही या माणसाने कमी केले नाही. पण त्याने कथानायकाचे काय केले ते पाहावे. त्याने आधी नायकाचे दुल्सिनियावरील प्रेम काढून टाकले, त्याला ‘प्रेमरहित सरदार’ हे बिरुद दिले आणि शेवटी तोलेदोच्या वेड्यांच्या इस्पितळात कोंडले. प्रेम काढून घेतल्यावर नुसता वेडा उरतो आणि वेड्याची जागा ठरलेलीच असते! खऱ्या दुसऱ्या भागात डॉन क्विक्झोट एका खाणावळीत या खोट्या पुस्तकाविषयी ऐकतो तेव्हा त्याचा संताप होतो तो याच मुद्द्यावर: आपण दुल्सिनियाला विसरलो असे कोणी लिहिलेच कसे? त्या पुस्तकाला खोटे पाडण्यासाठी तो सारागोसाचा रस्ता सोडून बार्सिलोनाला जातो.

याच्या उलट टोकाला पूजकांचा पंथ आहे. ग्रंथाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९०५ मध्ये, उनामुनोने त्याला जवळजवळ संतपदी बसवले. आपल्याकडचे शाल-श्रीफळ याच पंथाचे. या मंडळींना आंद्रेस नावाच्या पोराची आठवण करून द्यावीशी वाटते. धनी त्याला झाडाला बांधून झोडपत असतो. डॉन क्विक्झोट त्याला ‘सोडवतो’ आणि कृतार्थ होऊन निघून जातो. त्याची पाठ वळताच धनी त्या पोराला पहिल्यापेक्षा जास्त मारतो. पुढे भेट झाल्यावर पोर हात जोडून म्हणते की, माझे तुकडे होत असले तरी यापुढे माझ्या मदतीला येऊ नका. सदिच्छेचा मार दुसऱ्याच्या पाठीवर पडतो, हे विसरून केलेली पूजा हीदेखील ग्रंथाची अवहेलनाच आहे.

मग डॉन क्विक्झोटमध्ये आदरणीय असे काय उरते? बार्सिलोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर कारास्को त्याला अखेर घोड्यावरून पाडतो. भाल्याचे टोक तोंडावर रोखून म्हणतो, पराभव मान्य कर, माझी प्रेयसी दुल्सिनियाहून सुंदर आहे असे म्हण. वाळूत पडलेला म्हातारा क्षीण आवाजात उत्तरतो की, दुल्सिनियाच सर्वांत सुंदर आहे. मी दुबळा ठरलो म्हणून ते सत्य खोटे ठरू नये, हवे तर प्राण घे. त्या क्षणी त्याच्यापुढे राक्षस नाही, किल्ला नाही. आपण हरलो हे त्याला स्वच्छ दिसते आहे. राक्षस हा त्याचा भ्रम होता, तर निष्ठा हा त्याचा स्वभाव होता, आणि हसणारे, सुधारणारे, पूजणारे हे तिघेही या दोहोंची गल्लत करतात. कारास्कोने त्याला घरी धाडले हे कळल्यावर त्याचा बार्सिलोनातील यजमान काय म्हणतो? इतका मौजेचा वेडा बरा करून तुम्ही साऱ्या जगाचे नुकसान केलेत. यजमानाला काळजी कशाची, तर मौज संपली याची.

या ग्रंथात आदर्श वाचक असलाच तर तो निरक्षर सांचो आहे. तोही साळसूद नाही. तो धन्याला फसवतो, पगाराची मागणी करतो, फटके स्वतःच्या पाठीऐवजी झाडांना मारून पैसे मोजून घेतो आणि मृत्युपत्रातला वाटा मिळाल्यावर मनातून सुखावतो. पण ‘धनी, ते राक्षस नव्हेत, पवनचक्क्या आहेत’ हे तोंडावर सांगणारा तोच आणि धनी कोसळल्यावर गाढव पिटाळत धावून जाऊन त्याला उठवणाराही तोच. शेवटी शुद्धीवर आलेला धनी मरणशय्येवर असताना, मरू नका, उठा, एखाद्या झुडपामागे शापमुक्त दुल्सिनिया भेटेल, असे रडत विनवणाराही तोच.

तेव्हा वाचनालयाचे कुलूप रोज उघडणाऱ्या त्या गृहस्थांना ‘आमचे डॉन क्विक्झोट’ म्हणण्याचा अधिकार कोणाला, हे आता सांगता येईल. ज्याने त्यांच्या तोंडावर सांगितले की, कपाटातल्या जुन्या कादंबऱ्यांना वाळवी लागली आहे, नव्या पिढीला देवनागरी वाचताना अडखळायला होते आणि तुमच्या निम्म्या अर्जांना उत्तर येणार नाही. आणि एवढे सांगून झाल्यावर जो आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून पुस्तकांची नोंद करतो, त्याला तो अधिकार आहे. बाकीच्यांनी निदान दुसरा भाग वाचावा, आणि ड्यूकच्या वाड्यातील त्या मेजवानीत आपण कोणत्या आसनावर बसलो आहोत ते पाहावे.