गर्भारशीची रात्रपाळी

मैत्रिणींनो, 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली आणि पुढे गिरण्यांच्या भोंग्यांवर सोलापूरचं उठणं-बसणं ठरू लागलं. ते भोंगे आता थांबले. पण आपल्या अंगातलं घड्याळ जन्मभर चालूच असतं. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून मेंदू त्याची वेळ लावतो. हे घड्याळ पेशीत कसं चालतं ते उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळालं.

अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं द्रव्य पाझरतं. ते वारेतून बाळापर्यंत पोचतं. रात्र झाली, हे पोटातल्या जिवाला आईकडूनच कळतं! रोगाशी लढणाऱ्या पेशीही याच घड्याळाप्रमाणे चालतात. 2015 साली अमेरिकेत 164 जणांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडून पाहिले. सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांपेक्षा सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपट निघाली. आणि डेन्मार्कमधल्या 2019 सालच्या पाहणीत, आठवड्यात दोन किंवा अधिक रात्रपाळ्या केलेल्या गर्भवतींमध्ये, आठव्या आठवड्यानंतर, गर्भपाताचा धोका 32 टक्क्यांनी अधिक आढळला.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे रात्रपाळी करतो? अहो, नळाला काही दिवसांआड पाणी, तेही अवेळी आलं, की हंडे-कळशा घेऊन उठतं कोण? उद्याच्या हिशोबासाठी दिव्याखाली विड्या वळत बसतं कोण? सर्वांच्या मागून जेवायचं, ओटा आवरून निजायचं आणि पहाटे सर्वांआधी उठायचं. ही रात्रपाळी कुठल्याच हजेरीपटावर लागत नाही.

म्हणून घरात कुणाला दिवस गेले असतील, तर एवढं कराच. पाणी भरायची पाळी घरातल्या पुरुषांकडे द्या. तिला रात्री आठ-साडेआठला सगळ्यांबरोबर जेवायला बसवा. निजायच्या खोलीत अंधार हवा. मोबाईल उशाशी नको. निजण्या-उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. सकाळी ऊन तापायच्या आत थोडा वेळ गच्चीत किंवा अंगणात फिरू द्या. नोकरीत रात्रपाळी असेल, तर डॉक्टरांशी बोलून ती बदलून मागा.

एखाद्या जागरणाने घाबरून जाऊ नका; रोजचं जागरण मात्र टाळायलाच हवं. डोहाळजेवणाला हिरवी साडी हौसेने घ्याच. पण त्याआधी तिला रात्रीची पुरती झोप द्या. हे पान सासूबाईंना आणि यजमानांनाही वाचून दाखवाल ना?