झांबेझी : रस्ता आला, बाजार दूरच

नामिबियाच्या ईशान्येला बोटासारखी पुढे आलेली सुमारे ४५० किलोमीटर लांबीची पट्टी आहे. हिंदी महासागराकडे जाणाऱ्या झांबेझी नदीपर्यंत पोहोचण्यासाठी जर्मनीने १८९० च्या करारात ती ब्रिटनकडून मिळवली. परंतु पुढे व्हिक्टोरिया धबधबा असल्याने जलमार्ग साधलाच नाही. जर्मन चॅन्सेलर काप्रिव्ही यांचे नाव पट्टीला चिकटले. तिच्या पूर्व टोकाकडील प्रशासकीय प्रदेशाला २०१३ मध्ये ‘झांबेझी’ हे नाव मिळाले.

लोझी भाषेमुळे येथील जनतेचा ओढा राजधानी विंडहुकपेक्षा पलीकडच्या झांबियाकडे अधिक. ऑगस्ट १९९९ मध्ये फुटीरतावाद्यांनी काटिमा मुलिलो या मुख्य शहरावर हल्ला केला, त्यामागे हे दुरावलेपणही होते.

२००४ मध्ये येथील पूल खुला झाला आणि झांबियाचे तांबे वॉल्व्हिस बे बंदराकडे जाऊ लागले. स्थानिकांची खरी पुंजी मात्र गुरेढोरे. रानम्हशींमुळे लाळ्या-खुरकूत रोगाचा धोका असल्याने येथील मांसाला देशाच्या दक्षिण भागात आणि युरोपात कडक निर्बंधांना तोंड द्यावे लागते. त्याच रानम्हशी पर्यटकांना आकर्षित करतात. ट्रक आणि पर्यटक येतात, जातात; पशुपालकाच्या मालाला बाजार मिळत नाही तोवर हा प्रदेश इतरांची वाटच राहील.