लोबानाचे झाड आणि चिरांची किंमत

लोबान म्हणजे बॉसवेलिया प्रजातीच्या झाडांच्या सालीला चीर दिल्यावर पाझरणारा व हवेत घट्ट होणारा राळयुक्त डिंक. ओमानमधील धोफार, येमेन, सोमालिया व इथिओपिया ही त्याची मुख्य भूमी असून, सातपुड्यात आणि मेळघाटात वाढणारी साळई याच प्रजातीतली आहे. धोफारमध्ये मनकफ नावाच्या लहान हत्याराने सालीचा पातळ पापुद्रा तासला जातो, दुधासारखा चीक थेंबाथेंबाने बाहेर येतो, आणि साधारण दोन आठवड्यांनी त्याचे खडे खरवडून तीच जखम पुन्हा ताजी केली जाते. पहिल्या चिरेचा माल हलका समजला जातो, तर नंतरच्या फिकट, हिरवट छटेच्या खड्यांना सर्वाधिक भाव मिळतो. हाच माल प्राचीन काळी खोर रोरी बंदरातून जहाजांवर चढे, आणि त्या व्यापाराच्या खुणा जपणाऱ्या स्थळांना युनेस्कोने 2000 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. चर्चमधील धूप, ओमानी घरांत कपड्यांना दिली जाणारी धुरी आणि आयुर्वेदात सांधेदुखीवर वापरली जाणारी सल्लकी, म्हणजे साळईचा डिंक, हे याचे परिचित उपयोग होत.

मात्र मागणीचा भार झाडांना पेलवेनासा झाला आहे, ही गोष्ट गांभीर्याने घ्यावी लागेल. बॉसवेलिया पॅपिरिफेरा या आफ्रिकी जातीवरील 2019 च्या अभ्यासात बहुतेक वनांत कोवळी झाडे जवळजवळ आढळलीच नाहीत. गुरे रोपे खातात, वणवे उरलेली जाळतात, आणि अतिरेकी चिरांनी खंगलेल्या जुन्या झाडांना भुंगेरे पोखरतात.