शंभर दिवसांची पैज आणि श्रेयाचा हिशेब

१/
१ डिसेंबर २०१७ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील जेम्सटाउन या लहानशा गावाजवळ, हॉर्न्सडेलच्या पवनचक्क्यांलगत, तोवरची जगातील सर्वांत मोठी लिथियम-आयन बॅटरी कार्यान्वित झाली. क्षमता १०० मेगावॅट, साठवण १२९ मेगावॅट-तास. वृत्तपत्रांनी तिला ‘इलॉन मस्क यांची बॅटरी’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. वस्तुतः तिची मालकी निओएन या फ्रेंच कंपनीची, आतील घट सॅमसंगचे आणि करार राज्य सरकारशी झालेला. मग तिच्यात मस्क यांचे काय होते?

ऊर्जेच्या इतिहासात मस्क यांना जागा आहे, याबद्दल शंका नसावी. पण बहुतेक जण त्यांना ज्या आसनावर बसवतात ते त्यांचे नव्हे, आणि जे त्यांचे आहे त्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

२/
प्रथम वंशावळ. १८३९ मध्ये एडमंड बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाला प्रकाशामुळे विद्युतप्रवाह निर्माण होऊ शकतो हे आढळले. २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने डॅरिल चॅपिन, कॅल्व्हिन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी घडवलेला सिलिकॉनचा सौरघट जगापुढे मांडला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेचीच वीज होत असे. चार वर्षांनी असेच सौरघट व्हॅनगार्ड-१ उपग्रहावर बसून अवकाशात गेले. मस्क यांचा जन्म १९७१ चा.

लिथियम-आयन बॅटरीची कथाही अशीच अनेक हातांची आहे. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ, १९८५ मध्ये जपानात अकिरा योशिनो. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली आणि २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. गंमत अशी की व्हिटिंगहॅम यांचे आरंभीचे संशोधन आणि एलियट बर्मन यांची जमिनीवर वापरण्याजोगे स्वस्त सौरघट बनवणारी कंपनी, या दोहोंना पैसा पुरवला तो एक्सॉन या तेल कंपनीने. बर्मन यांनी एका वॅटमागचा खर्च १०० डॉलरवरून २० डॉलरपर्यंत खाली आणला होता.

३/
सौर वीज सामान्यांच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय कोणा एका उद्योजकाच्या पदरात टाकायचेच असेल, तर मस्क यांच्याहून मोठा हक्क शी झेंगरोंग यांचा आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली त्यांनी १९९२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. २००१ मध्ये ते चीनमधील वुशी शहरात परतले आणि स्थानिक प्रशासनाच्या पाठबळावर त्यांनी ‘सनटेक’ ही कंपनी काढली. त्याच सुमारास जर्मनीने २००० च्या कायद्याने सौर विजेला वीस वर्षांसाठी निश्चित दराची हमी दिली होती. जर्मन ग्राहक आपल्या वीजबिलातून तो भार सोसत होते आणि त्या मागणीवर चिनी कारखाने वाढत होते. डिसेंबर २००५ मध्ये सनटेक न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात दाखल झाली. मार्च २०१३ मध्ये तिच्या वुशी येथील मुख्य उपकंपनीचे दिवाळे निघाले.

कारखाने अतोनात वाढले, भाव कोसळले आणि ज्यांनी ते कोसळवले त्यांतलेच काही त्याखाली दबले. इतिहासाला विजेत्यांचे चरित्र आवडते, म्हणून हे नाव आज फारसे कोणाच्या ओठांवर नाही.

४/
या चित्रात मस्क कुठे होते? २००६ मध्ये लिंडन आणि पीटर राइव्ह या त्यांच्या मावसभावांनी कॅलिफोर्नियात ‘सोलरसिटी’ स्थापन केली. कल्पना मस्क यांची, अध्यक्षपदही त्यांचे. छतावरील पॅनेलसाठी सुरुवातीलाच मोठी रक्कम न घेता ती भाड्याने द्यायची आणि दरमहा हप्ता घ्यायचा, हा तिचा मार्ग. ही युक्ती तंत्राची नव्हती, सावकारीची होती. आणि तिला अमेरिकी केंद्र सरकारच्या ३० टक्के करसवलतीचा आधार होता. तीत कमीपणा काही नाही. ज्या घरमालकाजवळ एकरकमी पैसा नव्हता त्याच्या छतावर पॅनेल चढले ते या हप्त्यामुळे.

परंतु पुढचा अध्याय तेवढा उजळ नाही. कर्जाचा डोंगर वाढला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये टेस्लाने सोलरसिटी सुमारे २.६ अब्ज डॉलरला विकत घेतली. बुडती कंपनी वाचवण्यासाठी टेस्लाच्या भागधारकांचा पैसा वापरला, असा आरोप करीत काही भागधारक न्यायालयात गेले. डेलावेअरच्या न्यायालयाने २०२२ मध्ये निकाल मस्क यांच्या बाजूने दिला. मात्र या व्यवहारात त्यांचा सहभाग असायला हवा होता त्याहून अधिक होता, असेही नोंदवले. करारापूर्वी काही आठवडे मोठ्या थाटात दाखवलेली सौर कौले आजही घराघरांवर दिसत नाहीत. टेस्लाच्या हाताखाली छतांवरचा व्यवसाय वाढण्याऐवजी आकसला. सौर ऊर्जेपुरते पाहता मस्क हे एक मोठे विक्रेते होते. त्याहून अधिक म्हणणे पुराव्याला धरून नाही.

५/
साठवणीचा प्रश्न मात्र निराळा आहे.

२००८ च्या टेस्ला रोडस्टरमध्ये लॅपटॉपमध्ये वापरतात तशा आकाराचे ६,८३१ घट एकत्र बांधले होते. (टेस्लाची स्थापना २००३ मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी केली, मस्क २००४ मध्ये गुंतवणूकदार म्हणून आले.) हजारो लहान घट एकत्र बांधणे, ते तापू न देणे, एक बिघडला तर आग शेजाऱ्याला लागू न देणे, सर्वांकडून सारखे काम करून घेणे, हे कौशल्य मोटारीसाठी कमावलेले होते. ३० एप्रिल २०१५ रोजी मस्क यांनी घरगुती ‘पॉवरवॉल’ जाहीर केली आणि त्याच कार्यक्रमात वीज कंपन्यांसाठीची मोठी आवृत्तीही. मोटारीची बॅटरी भिंतीवर टांगता येते, तर ती एखाद्या राज्याच्या ग्रिडलाही जोडता येईल, हा विचार एकट्या मस्क यांचा नव्हता. पण तो जाहीरपणे, किमतीसह आणि मुदतीसह मांडणारे फार थोडे होते.

६/
२८ सप्टेंबर २०१६. दक्षिण ऑस्ट्रेलियावर वादळ आले. चक्रीवाताने उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे आडवे केले. ग्रिडच्या दाबात लागोपाठ धक्के बसताच नऊ पवनऊर्जा प्रकल्पांनी आपले उत्पादन आपोआप घटवले, कारण ठरावीक वेळेत ठरावीक संख्येहून अधिक धक्के बसले की माघार घ्यायची, अशी त्यांच्या यंत्रणेत रचना केलेली होती. तुटीचा सारा भार शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातून येणाऱ्या मुख्य वाहिनीवर पडला, ती सुटली आणि संपूर्ण राज्य अंधारात गेले. सुमारे साडेआठ लाख ग्राहक.

राज्यातील शेवटचा कोळशाचा वीज प्रकल्प त्याच वर्षी मे महिन्यात बंद झाला होता. एवढे निमित्त पुरेसे होते. केंद्रातील सत्ताधाऱ्यांनी पवनचक्क्यांवर खापर फोडले; राज्याचे प्रमुख जे वेदरिल यांनी वादळाकडे बोट दाखवले. खरे कारण या दोहोंच्या मध्ये होते: वादळाने मनोरे पाडले हे खरे आणि यंत्रणेतील त्या मर्यादेची कल्पना ग्रिड सांभाळणाऱ्यांना नव्हती हेही खरे. मध्ये असलेली कारणे राजकारणात कुणालाच नको असतात.

७/
मार्च २०१७ मध्ये लिंडन राइव्ह मेलबर्नमध्ये म्हणाले की शंभर दिवसांत शंभर मेगावॅट-तासांची साठवण उभी करता येईल. ऑस्ट्रेलियातील सॉफ्टवेअर उद्योजक माइक कॅनन-ब्रूक्स यांनी ट्विटरवरून विचारले की हे खरोखर मनावर घ्यायचे का. मस्क यांनी उत्तर दिले: करारावर सही झाल्यापासून शंभर दिवसांत काम झाले नाही, तर बॅटरी फुकट. लगोलग भावही सांगितला: एवढ्या मोठ्या मागणीसाठी किलोवॅट-तासाला २५० डॉलर.

या चार ओळींचे महत्त्व ओळखायला हवे. तोवर ग्रिडसाठी बॅटरी हा अभ्यासगटांचा विषय होता. किंमत गुलदस्त्यात, मुदत अनिश्चित, धोका ग्राहकाचा. एका जाहीर पैजेने तिन्ही गोष्टी चव्हाट्यावर आल्या आणि धोका विक्रेत्याने अंगावर घेतला. वेदरिल सरकारने खुली निविदा काढली. टेस्ला व निओएन यांची निवड जुलैमध्ये जाहीर झाली. तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन यांनी या बॅटरीची तुलना रस्त्याच्या कडेला पर्यटकांसाठी उभारलेल्या भल्यामोठ्या केळ्याच्या आणि कोळंबीच्या पुतळ्यांशी केली.

८/
पैजेतही एक मेख होती. घड्याळ सुरू झाले सप्टेंबरच्या अखेरीस, करार पक्का झाल्यावर. आणि त्या दिवशी निम्मी बॅटरी जागेवर उभी होती. शंभर दिवसांची कथा सांगणारे हा तपशील बहुधा वगळतात. तरीही जुलैत निवड आणि डिसेंबरच्या पहिल्या तारखेला वीज, हा वेग वीजक्षेत्रात अपूर्वच होता. औष्णिक केंद्र उभारायला वर्षे लागतात.

९/
तिचा उपयोग काय झाला? येथे पुष्कळांची समजूत चुकते. पूर्ण क्षमतेने चालवली तर ही बॅटरी सव्वा तासात रिकामी होते. राज्याला रात्रभर वीज पुरवणे हे तिचे काम नव्हतेच. तिच्या शंभरपैकी ७० मेगावॅट ग्रिड स्थिर ठेवण्यासाठी सरकारकडे राखीव होते, उरलेले ३० निओएनच्या व्यापारासाठी.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झ. एखादे मोठे केंद्र अचानक बंद पडले की ती घसरते, आणि फार घसरली की एकामागून एक यंत्रे सुटू लागतात. वाफेच्या टर्बाइनला जोर वाढवायला काही सेकंद तरी लागतात. बॅटरीला सेकंदाचा अंश पुरतो. १४ डिसेंबर २०१७ रोजी पहाटेपूर्वी व्हिक्टोरियातील लॉय यांग या कोळशाच्या केंद्रातील ५६० मेगावॅटचा संच बंद पडला. सुमारे हजार किलोमीटर दूर असलेल्या हॉर्न्सडेलने, ज्या केंद्राचे ते काम होते ते हलण्याआधीच, ७.३ मेगावॅट वीज ग्रिडमध्ये सोडली. ५६० समोर ७.३ म्हणजे दर्यात खसखस. पण त्या आलेखाने ग्रिड सांभाळणाऱ्या अभियंत्यांचे मन वळवले, जे कोणत्याही भाषणाने वळले नसते.

शिवाय या स्थिरतेच्या सेवेचा दर मोजक्या वायू-केंद्रांच्या मुठीत होता. अडचणीच्या वेळी ती मागतील तो भाव द्यावा लागे. बॅटरीने ती मक्तेदारी मोडली. ऑरेकॉन या सल्लागार संस्थेच्या हिशेबानुसार पहिल्या वर्षीच सुमारे ४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर वाचले. प्रकल्पाचा खर्च होता सुमारे ९ कोटी.

१०/
आता आक्षेप. बॅटरीच्या किमती घसरतच होत्या. मस्क नसते तर दुसरे कोणी हे केले असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. या म्हणण्यात तथ्य आहे. त्या निविदेला नव्वदच्या आसपास प्रतिसाद आले होते, म्हणजे दुसरे कोणी होतेच. पण ‘केव्हा’ हा प्रश्न इतिहासात गौण नसतो. २०१७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात हा प्रयोग फसला असता किंवा रेंगाळला असता, तर पवनचक्क्यांवर खापर फोडणाऱ्यांचा पक्ष बळकट झाला असता आणि इतर राज्यांनी हात आखडता घेतला असता. मस्क यांनी काळाचा एक तुकडा वाचवला. तो किती वर्षांचा, हे मोजता येत नाही. पण शून्य नक्कीच नाही.

उलट बाजूने, त्यांचे भक्त ज्याला एकहाती पराक्रम म्हणतात त्याच्या प्रत्येक पायरीवर सरकार उभे आहे. २०१० मध्ये टेस्लाला अमेरिकी ऊर्जा विभागाचे ४६.५ कोटी डॉलरचे कर्ज मिळाले (ते २०१३ मध्ये मुदतीआधी फेडले, हेही नोंदवायला हवे). सोलरसिटीला करसवलत, हॉर्न्सडेलला राज्याचा दहा वर्षांचा करार. वेदरिल यांनी स्वतःचे राजकीय भवितव्य पणाला लावून निविदा काढली नसती, तर ती पैज बोलाचीच कढी ठरली असती. ‘मस्क यांची बॅटरी’ या नावात त्यांचा मागमूस नाही, हा त्या नावाचा सर्वांत मोठा दोष.

११/
अलीकडे निवाडा उलट्या दिशेने झुकला आहे. २०२४ च्या अमेरिकी निवडणुकीत मस्क यांनी डोनाल्ड ट्रम्प यांची बाजू घेतल्यावर, काल त्यांना हरित ऊर्जेचे तारणहार म्हणणारेच आज त्यांचे नाव या इतिहासातून खोडू पाहतात. दोन्ही वेळा चूक एकच: माणसाविषयीचे मत आधी ठरवायचे आणि मग कागद वाचायचे. २०२४ या एका वर्षात टेस्लाने ३१.४ गिगावॅट-तासांची साठवण बसवली, हॉर्न्सडेलच्या मूळ बॅटरीच्या दोनशे चाळीस पटींहून अधिक. त्यातील बरेचसे घट चिनी कंपन्यांचे. हे दोन्ही आकडे एकाच पानावर लिहिता आले पाहिजेत.

१२/
मार्च २०१८ च्या निवडणुकीत वेदरिल यांचे सरकार पडले. सत्तेवर आला तो पक्ष मॉरिसन यांचाच. त्याच पक्षाच्या राज्य सरकारच्या आर्थिक साह्याने २०२० मध्ये हॉर्न्सडेलची बॅटरी १५० मेगावॅटपर्यंत वाढवण्यात आली. २०२२ मध्ये तिच्या चालक कंपनीला न्यायालयाने ९ लाख डॉलरचा दंड केला, कारण २०१९ मध्ये काही महिने ती जी सेवा देण्यास सज्ज असल्याचे सांगून मोबदला घेत होती, ती पूर्णपणे देण्याच्या स्थितीत नव्हती. या बातमीच्या मथळ्यांतही अनेक ठिकाणी नाव टेस्लाचेच होते.